मालवणची 'फुल डे टूर' आणि माझे 21,549 रुपये

राजेहो, आधी आकडे सांगतो. 6,475, पुन्हा 6,475, मग 3,600 आणि शेवटी 4,999. बेरीज 21,549. तेव्हाच्या भावाने पाच क्विंटल सोयाबीन गेलं समजा.

जाहिरात तुमच्याही मोबाइलवर आली असेल. 'मालवण फुल डे साइटसीइंग : सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, तारकर्ली, देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड, दुपारी मालवणी थाळी, माणशी 1,850.' आम्ही सात जण. मी, बायको, दोन पोरं, आई, साळी आणि साडू. माझं कृषी केंद्र आहे. एकदा मृग लागला की दुकानातून हलता येत नाही, म्हणून 30 मे ही तारीख धरली. मडगावची गाडी आठवड्यातून दोनदाच, तिचं बडनेरा ते कुडाळ जाण्यायेण्याचं तिकीट आधीच काढलं होतं. मुक्कामाचं घरही साडूने वेगळं बुक केलं होतं आणि ते एकदम खरं निघालं. खोटी होती फक्त टूर.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, हे लोक कसं खेळवतात. आधी निम्मे द्या. दोन दिवसांनी, 'सीझन आहे दादा, बोटवाला पूर्ण पैशाशिवाय सीट धरत नाही.' मग तिघांच्या स्कूबाचे 3,600. मग कुडाळहून आणायच्या गाडीचं 4,999 डिपॉझिट, 'गाडीत बसल्याबरोबर परत.' बोलणं इतकं गोड की आईने फोन घेऊन त्याला विचारलं, मले पायऱ्या चढवतील का रे बाबा? म्हणे, 'आजी, उचलून नेऊ.'

क्यूआरवर नाव भलत्याच माणसाचं आलं होतं. लोक आता मला तेच ऐकवतात, नाव नाही पाहिलं का? पाहिलं! माझ्या दुकानाचा क्यूआर बायकोच्या नावावर आहे. चौकातल्या पानठेल्याचा त्याच्या साळ्याच्या नावावर आहे. आमच्या पूर्ण बाजारात नाव जुळणारे क्यूआर बोटावर मोजण्याएवढे. नाव जुळत नाही म्हणून पैसे थांबवायचे तर इथे चहासुद्धा मिळणार नाही.

जिवाला लागलं ते वेगळंच. 6,475 गेल्यावर त्याने व्हाउचर पाठवलं. वर किल्ल्याचा फोटो, खाली सात नावं, 'किल्ला बोट सकाळी 9.30', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात जीएसटी नंबर. तो 08 ने सुरू होत होता. आता पाहा, जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. महाराष्ट्राचा 27. खताच्या, बियाण्याच्या, फवारणीच्या औषधाच्या हरेक बिलावर वर्षानुवर्षं 27 पाहत आलेला माणूस मी! 08 म्हणजे राजस्थान. मालवणच्या टूरवाल्याला राजस्थानचा नंबर कशाला? व्हाउचर आलं तेव्हा काउंटरवर कपाशीच्या बियाण्याला ही गर्दी, एक जण पाकीट उघडून मागतोय, दुसरा उधारीचं विचारतोय. व्हाउचर मोठं करून नावांचं स्पेलिंग तपासलं, आईच्या नावात चूक होती ती दुरुस्तही करून घेतली. नजर तिथून दोन बोटं खाली गेली असती तर पुढचे 15,074 वाचले असते. रात्री झोपताना अजून ते व्हाउचर डोळ्यासमोर येतं.

कुडाळला उतरलो. 'गाडी निघाली, दहा मिनिटं.' मग, 'टायर पंक्चर.' मग फोन बंद. 900 रुपये देऊन रिक्षा केली, दोन फेऱ्यांत मालवण गाठलं. मुक्कामाच्या घरच्या काकूंना व्हाउचर दाखवलं तर त्या हसल्याच. "आता खंयची बोट?" पावसाळ्यात किल्ल्याची प्रवासी वाहतूक दरवर्षी साधारण 26 मेपासून 31 ऑगस्टपर्यंत बंद असते. समुद्रातले खेळ, स्कूबा, सगळं बंद. कोकणातल्या लहान पोराला हे ठाऊक असतं. आम्हाला कुठून असणार? आमच्याकडे पाणी म्हणजे धरण नाहीतर विहीर. मी त्याला विचारलंही होतं की पावसाचं काय. म्हणाला, 'किल्ल्याची बोट बारमाही.' तेव्हा लिहून ठेवा, 26 मे ते 31 ऑगस्टमधल्या तारखेची किल्ल्याची बोट विकणारा माणूस चोर. भाव विचारायच्या आधी तारीख सांगा आणि जिथे राहणार आहात त्या घरमालकाला एक फोन करा. त्याला खोटं बोलून काही मिळत नाही.

महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला तो किल्ला आम्ही धक्क्यावरून पाहिला. आईला आतल्या शिवराजेश्वराचं दर्शन पाहिजे होतं. तिने किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याला हळद-कुंकू वाहिलं आणि तटाकडे तोंड करून तिथूनच हात जोडले. परतीची गाडी रविवारची, तोवर पावसात बसून राहिलो.

आता सरकारी पाहुणचार ऐका. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावला, तक्रार घेतली, नंबर मिळाला, ते ठीक. गावी येऊन ठाण्यात गेलो. "किती गेले? एकवीस हजार? अहो, इथे आठ लाखवाले बसलेत." मग म्हणे, प्रकार कोकणात घडला, तिकडे द्या. मी म्हटलं, साहेब, पैसे माझ्या दुकानातून गेले. मग म्हणे, सायबरचं जिल्ह्याला. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात साफ लिहिलंय की हद्द कोणाचीही असो, ठाण्याने तक्रार घ्यावी. हे मी बोललो तर, "तुम्ही वकील आहात का?" बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकला ना? मग फसवणूक कशी?" अरे, गळ्याला चाकू लावून नेले असते तरच चोरी म्हणायची का? समोरच्या खात्यात 3,200 रुपये अडकवून ठेवले होते, ते माझेच. सोडवायचे तर तेव्हा बँक पोलिसांचं पत्र मागत होती, पोलीस बँकेचं स्टेटमेंट मागत होते, दोघं मिळून कोर्टाचा आदेश मागत होते. 3,200 साठी कोर्ट! वकिलाची फी त्याच्या वर गेली असती. झेरॉक्सवाला तेवढा खुश होता.

तुमचं असं काही झालं तर आधी रडू नका, 1930 लावा, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं. हरेक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनवर तोच विचारतात. आणि चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका, साडूने केलं.

परवा ती जाहिरात परत दिसली. नाव बदललं, फोटो तोच. 15 ऑगस्टचा लाँग वीकेंड, माणशी 1,650, 'किल्ला बोट सकाळी 9.30'. खाली विश्वास बसावा म्हणून व्हाउचरचा नमुना टाकलाय. मोठा करून पाहिला, 08.