दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलीसह लातूरच्या एका खानावळीत

लातूरमध्ये औशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक घरगुती खानावळ आहे. आमच्या मुलीला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असल्यामुळे बाहेर जेवायचे झाल्यास आम्ही बहुधा तेथेच जातो, आणि म्हणून हा अभिप्राय चवीपेक्षा तेथील स्वयंपाकघराविषयी अधिक आहे.

थाळीत ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, भरले वांगे किंवा एखादी उसळ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि कांदा असतो. भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळलेले असते आणि तव्यावरही तिला पाण्याचाच हात फिरतो. आमटीला दाटपणा येतो तो भाजलेली धान्ये, डाळी व मसाले दळून केलेल्या येसरामुळे, सायीमुळे नव्हे. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात पनीर टाळले तरी ग्रेव्हीत साय किंवा लोणी आणि नानच्या पिठात दही असण्याची धास्ती राहते. येथे थाळीचा बहुतेक भाग मुळातच दुधाविना तयार होतो. आमटी मात्र लहान मुलांना तिखट लागते, त्यामुळे साधे वरण आधीच मागून घ्यावे आणि त्यावर तूप घालू नका असे आठवणीने सांगावे.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आम्ही पहिल्यांदा ही अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम विचारले, “मग ताक तरी चालंल की लेकराला?” हा प्रश्न मराठवाड्यात सर्वत्र ऐकावा लागतो, आणि त्याच्या पाठोपाठ शेळीचे दूध सुचवले जाते. दह्या-ताकातही दुधाची प्रथिने असतातच. त्यांतील केसीन उकळल्यानेही सहजी नष्ट होत नाही. आणि गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची ॲलर्जी असलेल्या मुलास दुसरे दूधही बहुधा बाधते. तूप कढवताना बरीचशी प्रथिने बेरीत उतरतात, तरी त्यांचा अंश तुपात राहू शकतो. मावशींनी हे सर्व ऐकून घेतले आणि वाद न घालता तवा धुवून मुलीची भाकरी वेगळी टाकली. आम्हाला या खानावळीचे सर्वांत मोठे मोल वाटते ते याचेच.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. धपाट्याचे पीठ कधी पाण्यात, तर कधी उरलेल्या ताकात भिजवले जाते, आणि ते वाढणाऱ्या मुलाला ठाऊक नसते. म्हणून धपाटे आम्ही मागवतच नाही. कढी असेल त्या दिवशी तिचा डाव आमटीच्या पातेल्यात जाताना दिसला आहे. फळ्यावर पदार्थांची नावे आहेत, घटकांची नाहीत. ॲलर्जीकारक घटकांची माहिती देण्याचा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम केंद्रीय परवानाधारक किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांसाठी आहे, त्यामुळे अशा लहान खानावळीत विचारण्यावाचून गत्यंतर नसते. दुधाच्या थेंबानेही ज्या मुलाला तीव्र प्रतिक्रिया येते, त्याच्यासाठी ही जागा आम्ही सुचवणार नाही.

गल्ल्यावर बिस्किटे व चिक्की विकायला असतात. मालक हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवतात. पण तो ठिपका केवळ शाकाहाराचा असतो आणि दूध त्यात बसते. पाकिटामागे ॲलर्जीच्या सूचनेत दूध लिहिले आहे का ते पाहावे, तसेच घटकांत दुधाची भुकटी, व्हे, केसीनेट असे शब्द शोधावेत. ‘लॅक्टोजमुक्त’ दूधही निरुपयोगीच, कारण त्यात लॅक्टोज ही दुधातील साखर नसते, प्रथिने मात्र तशीच असतात. चिक्कीत नुसते शेंगदाणे व गूळ असल्यास उत्तम. काही चिक्क्यांत तूप असते. खवा-पेढ्यासाठी नावाजलेले कुंथलगिरी ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे तो येथून शेजारीच, तेव्हा पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा घरात असतोच, पण तो मुलीला चालत नाही आणि जेवणानंतर तिच्या हाती दुसरे काहीतरी गोड द्यावे लागते. खानावळीत बिनदुधाचे गोड काहीच मिळत नाही. निदान शेंगदाण्याचा लाडू ठेवावा, असे आम्ही मालकांना सुचवले आहे.

दर इतर खानावळींसारखाच आहे आणि वेगळ्या भाकरीचे जादा पैसे घेत नाहीत. दुपारच्या गर्दीपूर्वी जावे. एकदा गर्दी झाली की तवा धुवायला कोणाला सवड नसते, आणि तशा वेळी आम्ही मुलीचा डबा घरूनच नेतो.