वुडलँड कॅरिबूसाठी उपग्रह जीपीएस पट्टा : घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून

वुडलँड कॅरिबू म्हणजे कॅनडाच्या जंगलातलं रेनडिअर जातीचं हरीण. त्याच्या स्थलांतर न करणाऱ्या छोट्या कळपांसाठी, गळ्यात बांधून जनावराचं ठिकाण नोंदवणारा हा पट्टा घ्यावाच. मे-जूनमध्ये माद्या विण्यासाठी दलदलीत, बेटांवर एकेकट्या पांगतात; तिथं दुसऱ्या कशानं माग लागणं कठीण. दर २ तासांनी नोंद लावली तर बॅटरी लवकर उतरते, कडाक्याच्या थंडीत आणखी लवकर.

मोठी खोट वेगळीच. स्प्रूस या सूचीपर्णी झाडांच्या दाटीखाली उपग्रहाचा संकेत तुटतो, नोंदी गळतात आणि दगडफुलाच्या जातीच्या लायकेननं लगडलेलं जुनं जंगल कॅरिबू कमी वापरतात, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गळती आधी दुरुस्त करा, मगच नकाशा काढा.

पट्ट्यावरून शिरगणती होत नाही. हिवाळा सरताना बर्फावर हेलिकॉप्टरमधून माद्यांमागची पाडसं मोजावीच लागतात.

पट्ट्याची आपोआप सुटणारी कडी कधी अडकते. मग जनावर पुन्हा पकडावं लागतं. पन्नासेक जनावरांच्या कळपात एक मादी दगावणंही परवडत नाही.