पर्सनल ट्रेनर की रंकाळ्याची फेरी?

नुसतं वजन उतरवायचं असेल तर ट्रेनरवर पैसे घालू नका. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला. डॉक्टर सांगतात ती १५० मिनिटं तिथंच भरतात. जोडीला दोन दिवस घरी जोर-बैठका.

वजनं उचलणार असाल तर मात्र गोष्ट वेगळी. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उचलून उभं राहणं, मारताना माझी पाठ गोल होत होती, मला पत्ताच नव्हता. ट्रेनरनं खुब्यावर बोट टेकवलं, "इथनं वाका, पाठीतनं नको." बार नडगीला घासत वर आला आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरली नाही. तालमीतल्या वस्तादाची नजर हेच काम करते. ट्रेनरकडचे पहिले दोन-तीन महिने पैसे वसूल. पुढं सेट मोजायला माणूस कशाला, वही पुरते.