एड मागायची का नाही? हार्वर्ड, स्टॅनफर्ड, अशोका आणि आपलं सीओईपी

भाचा बारावीला आहे, राहतात कोथरूडला, आणि गेले दोन महिने ताईकडे गेलं की चहाच्या आधी कॉलेजच्या अर्जांसाठी लॅपटॉप पुढ्यात येतो. मामाला इंग्रजी फॉर्म वाचता येतात म्हणून सगळं मामाच्या गळ्यात. तर कॉलेज कुठलं आणि एड, म्हणजे खर्चासाठी कॉलेजकडून मिळणारी आर्थिक मदत, मागायची का नाही यावर मी जे काही वाचलं, मांडलं, खोडलं ते इथे टाकतोय, ज्यांच्या घरी हाच गोंधळ चालू असेल त्यांच्यासाठी.

आधी घरचा हिशोब सांगतो कारण त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. दाजींचा पगार आणि ताईचे क्लासेस मिळून वर्षाला 24 लाख. डॉलर 85 चा धरला तर 28 हजार डॉलर. आणि अमेरिकेतल्या या मोठ्या युनिव्हर्सिट्यांचा एका वर्षाचा सगळा खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण धरून, 85 ते 90 हजार डॉलर. वर्षाला 72 लाखांच्या पुढे, चार वर्षांचे जवळपास तीन कोटी. ताई हे ऐकून उठून आत गेली आणि कुकर लावला.

पण थांबा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडोइन आणि आता ब्राउन, ही मंडळी बाहेरच्या देशातल्या मुलांसाठीसुद्धा नीड-ब्लाइंड आहेत. म्हणजे तुम्ही एड मागितली की नाही हे ॲडमिशन ठरवताना बघतच नाहीत, आणि घेतलं तर त्यांच्या हिशोबाने जेवढं कमी पडतं तेवढं सगळं देतात. हार्वर्ड आणि एमआयटीने 2025 पासून जाहीर केलंय की उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत असेल तर आईवडिलांकडून काही घेणार नाही, आणि दोन लाख डॉलरच्या आत असेल तर निदान ट्यूशन माफ. एक लाख डॉलर म्हणजे 85 लाख रुपये! आमच्या सोसायटीत त्याच्या वर कोणी असेल तर तो पार्किंगच्या मीटिंगला येत नाही.

इथे एक मेख आहे. त्या आकड्यांपुढे बारीक अक्षरात "सर्वसाधारण मालमत्ता असेल तर" अशी अट असते. राहतं घर हार्वर्ड धरत नाही, पण इन्व्हेस्टमेंट म्हणून हिंजवडीला घेतलेला दुसरा फ्लॅट मालमत्तेत येतो. एड मागताना भरायचा सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, त्यात शेतजमिनीचंही विचारतात. आमच्याकडे भोरला जमीन आहे, सातबाऱ्यावर आजोबा आणि चार काका, उत्पन्न म्हणजे वर्षाला दोन पोती इंद्रायणी. आता हे तिकडच्या एड ऑफिसातल्या बाईंना बोस्टनला बसून कसं कळणार? उपाय एकच, फॉर्ममध्ये खुलासा लिहायला जागा असते तिथे सरळ लिहायचं की वाटणी झालेली नाही, आमचा हिस्सा एवढा. आकडे रुपयात भरता येतात ही त्यातल्या त्यात सोय.

मग अडचण काय? चान्स. 2024 ला हार्वर्डला 54,008 अर्ज आणि ॲडमिशन 1,937 जणांना, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. एमआयटीला एकूण साडेचार टक्के दिसतात पण ते सगळे धरून, बाहेरच्या देशातल्या मुलांचं बघितलं तर दोन टक्क्यांच्या आसपास, कारण त्यांच्या जागाच मोजक्या ठेवतात. भाचा म्हणाला जेईईपेक्षा बरंय की मामा. आणि आकड्यात बघाल तर खरंच, जेईई मेनला चौदा-पंधरा लाख बसतात आणि 2025 ला आयआयटीच्या जागा 18,160, म्हणजे सव्वा टक्का. पण हे टक्के एकमेकांशेजारी ठेवायचेच नाहीत. जेईई मेनला वर्गातली सगळी फी भरून बसतात, अभ्यास झालेला असो नसो. एमआयटीला अर्ज करणारं पोर आधीच ऑलिम्पियाड नाहीतर रोबोटिक्स करून आलेलं असतं. आणि जेईईत निदान कळतं आपण कुठे पडलो. तिकडे "सॉरी" येतं, कारण येत नाही.

आता दुसरा गट, नीड-अवेअर. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, ड्यूक वगैरे. घेतलं तर गरजेपुरती पूर्ण मदत हेही देतात, पण बाहेरच्या मुलाने एड मागितलीय हे घेताना डोळ्यासमोर असतं. ताई-दाजी ओढूनताणून वर्षाला दहा लाख देतील, बारा हजार डॉलर धरा, म्हणजे वरचे पंच्याहत्तर हजारांच्या आसपास कॉलेजने घालायचे. दोन सारख्या पोरांत एक स्वतः भरणारा असेल तर पारडं कुठे झुकेल ते सांगायला नको.

एका काउन्सेलरने दाजींना नेमका इथेच सल्ला दिला, एड मागूच नका, चान्स वाढतो, आत गेल्यावर बघू. मी हे ऐकून कपाळाला हात लावला. स्टॅनफर्डचा नियम स्वच्छ आहे, बाहेरच्या विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी एड मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. म्हणजे ॲडमिशन मिळेल, पेढे वाटाल, आणि मग व्हिसाच्या कागदांसाठी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवायला कोथरूडचा फ्लॅट विकायला काढाल. जे परवडत नाही त्याचा चान्स वाढवून करायचं काय? आणि मेरिट स्कॉलरशिपचं स्वप्नही इथे बघू नका, आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे आठ नावाजलेल्या युनिव्हर्सिट्या) काय किंवा एमआयटी काय, मार्कांवर पैसे देत नाहीत, फक्त गरजेवर.

अशोका युनिव्हर्सिटीचं पटकन सांगतो. सोनीपतला आहे, हॉस्टेल धरून वर्षाला दहा लाखांच्या वर जातं, एड गरजेवर मिळते आणि पूर्ण माफीपर्यंत जाऊ शकते. पण आमच्यासारख्या 24 लाखवाल्यांना थोडीफार सवलत मिळाली तर मिळाली. भाच्याला इंजिनिअरिंगच करायचंय, त्यामुळे आमच्यापुरता विषय तिथेच संपला. इकॉनॉमिक्स किंवा लिबरल आर्ट्सवाल्यांनी मात्र नीट बघा.

आणि शेवटी शिवाजीनगरचं सीओईपी, पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, 1854 पासून उभं आहे, घरापासून पीएमटीने अर्धा तास. (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, आम्ही पीएमटीच म्हणतो.) एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा द्या, कॉम्प्युटर हवं तर पर्सेंटाइल 99 च्या बरंच वर लागतं, कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीत, आधीच्या वर्षांचे कटऑफ समोर असतात, निबंध नाही की शिफारसपत्र नाही. फी वर्षाला लाखाच्या आसपास. मदतीचं म्हणाल तर राजर्षी शाहू योजनेत ओपनवाल्यांना अर्धी ट्यूशन, पण उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मुलींचं 2024 पासून आणखी चांगलं झालंय, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच 8 लाखांच्या मर्यादेत ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आयआयटीत तर मर्यादा आणखी खाली, एक लाखाच्या आत पूर्ण ट्यूशन माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश, आणि एससी, एसटी, दिव्यांगांना उत्पन्न न बघता पूर्ण.

म्हणजे गंमत बघा, तेच दाजी, तोच फॉर्म सोळा, हार्वर्डच्या तक्त्यात अगदी तळाला आणि महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलच्या, हिशोबाने श्रीमंत! आणि म्हणून नुसतं "चान्स किती" विचारू नका, "एवढ्या पैशात चान्स किती" असं विचारा. तसं मांडलं की आमची यादी आपोआप छाटली गेली. नीड-ब्लाइंड चार, तिथे पूर्ण एड मागायची, मागून तोटा नाही. नीड-अवेअर फक्त दोन, तिथेही एड मागूनच, नाही म्हणाले तर नाही. तुमचं उत्पन्न दोन-अडीच कोटी असेल तर हीच यादी उलटी होईल, पण मग तुम्ही मामाला कशाला विचारताय.

सीईटी आणि जेईई मेनचे फॉर्म भरायचेच आहेत, त्यावर वाद नाही. वाद वेळेचा आहे. तिकडचे अर्ज 1 नोव्हेंबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला, जेईई मेन जानेवारीत, बोर्ड फेब्रुवारीत. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत निबंध लिहायचे ठरवलेत. आणि दाजी अजून भोरच्या काकांना फोन करून सातबाऱ्याचं विचारायला तयार नाहीत, विचारलं की वाटणीचा विषय निघतो.