मुलग्याच्या औषधाची हमी

आमची थोरली मुलगी चार वर्षांची असताना पत्नीला पुन्हा दिवस गेले आणि घरात 'या खेपेस मुलगाच हवा' हा धोशा सुरू झाला. आईने कुणाकडून तरी डिचोली तालुक्यातील एका वैदूची माहिती काढली. त्याने आठ हजार रुपये घेऊन शिवलिंगीच्या बियांची पुडी दिली, दुसऱ्या महिन्यात सात दिवस सूर्योदयापूर्वी, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून त्या गिळायला सांगितल्या आणि मुलगी झाल्यास सगळे पैसे परत करण्याची हमी दिली. शिकलेला असूनही मी त्या हमीला भुललो.

मुलगी झाली. पैसे मागायला गेलो तेव्हा 'एखादे दिवशी औषध उजाडल्यावर घेतले असेल', असे म्हणून त्याने सगळा दोष पत्नीवर ढकलला.

खरी फसवणूक त्या हमीतच आहे, हे मला फार उशिरा कळले. निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे दहा गिऱ्हाइकांपैकी निदान पाचांना काहीही न घेता मुलगा व्हायचाच असतो, आणि तीच कुटुंबे पुढे गावोगाव त्याची साक्ष देतात. उरलेल्या पाचांना पैसे प्रामाणिकपणे परत केले, तरी त्याच्या पदरात चाळीस हजार राहतात. आमच्यासारखे लोक लाजेपोटी बोलत नाहीत, हा त्याचा वरचा नफा.

स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय असते आणि मुलगा की मुलगी, हे फलनाच्या क्षणीच ठरते. किड्यांचा अभ्यास करून नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्येच या गुणसूत्रांचा लिंगाशी असलेला संबंध दाखवला होता. म्हणजे पुडी घरी आली तेव्हा सारे ठरून गेले होते, आणि ते ठरले होते माझ्याकडून. तरीही पहाटे उठून ते दूध प्यायची ती, आणि बोलणी खायचीही तीच. याचे मला आजही फार वाईट वाटते.

गर्भाचे अवयव घडत असताना अनोळखी झाडपाला पोटात जाणे धोक्याचे असते, असे डॉक्टरांनी नंतर बजावले. लिंगनिवडीची जाहिरात करणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. उरलेल्या बिया मी फेकलेल्या नाहीत. तक्रारीसोबत त्या जोडल्या आहेत.