‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’चा मर्यादित संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्की यांच्या ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ या संगीतकृतीचा २०१२ साली केवळ २,००० प्रतींपुरता निघालेला संच मी आठ महिन्यांपूर्वी एका संग्राहकाकडून घेतला. नऊ रेकॉर्डी, पाच सीडी, एक डीव्हीडी आणि जाडजूड पुस्तक एवढा ऐवज त्यात असल्यामुळे कपाटाच्या नेहमीच्या खणात तो मावत नाही, हे घेणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावे.

बसिन्स्की यांनी १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रित टेपचे छोटे तुकडे, प्रत्येकाचे एक टोक त्याच्याच दुसऱ्या टोकाला जोडून, सतत फिरणाऱ्या वेटोळ्यांच्या (लूप) रूपात ठेवले होते. २००१ च्या उन्हाळ्यात, ब्रुकलिनमध्ये, ते संगणकावर उतरवून घेताना जुन्या फितीवरचा लोहकणांचा थर फेरीगणिक सुटू लागला आणि यंत्र न थांबवता त्यांनी ती पडझडच मुद्रित होऊ दिली. पहिली रचना तासाभराहून अधिक चालते. तीत काही सेकंदांचा एकच सुरावटीचा तुकडा फिरत राहतो आणि झिजत जातो. पहिल्या दिवशी आईने आतून विचारले, “पिन अडकलीय का रे?” तानपुऱ्याची सवय असलेल्या मलाही आरंभी अवघडच गेले, कारण तिथे तार छेडली की जवारी (तारेची गुंजणारी झणझण) दर खेपेला नव्याने बोलते, तर इथे प्रत्येक फेरी स्वरातले काहीतरी काढून नेते. पहिले दोन महिने मी सूर कुठे तुटतो याची वाटच पाहत असे. आता तुटलेल्या जागी कान आपणहून मागचा सूर भरतो, आणि तो भरलेला सूर मूळचा नव्हे, हे बऱ्याच उशिरा कळते.

माझी तक्रार रेकॉर्डींविषयी आहे, आणि संचाची बरीचशी किंमत त्यांच्याचपायी मोजलेली असते. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून फारसे मावत नसल्यामुळे, जी झीज नकळत घडायला हवी ती ऐकताना मध्येच उठून बाजू बदलावी लागते. शिवाय खरखर हाच जिथे संगीताचा भाग आहे, तिथे ऐकू येणारी कुरकुर बसिन्स्कींच्या फितीची की माझ्या रेकॉर्डीवरच्या धुळीची, हे ठरवता येत नाही; एकदा ब्रश फिरवल्यावर माझा एक आवडता ‘तडा’ नाहीसा झाला तेव्हा मी चांगलाच ओशाळलो. सीडीवर ही अडचण नाही, आणि मंद आवाजात ती उत्तम वाजते.

११ सप्टेंबर २००१ च्या संध्याकाळी बसिन्स्कींनी इमारतीच्या छतावरून टिपलेल्या, कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या धुराची डीव्हीडीवरची चित्रफीत मी एकदाच पाहिली. पुन्हा लावण्याचे मन झाले नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वाद्यवृंदाने केलेले, संचातच असलेले सादरीकरण मात्र वारंवार ऐकतो. टेपमध्ये आपोआप पडलेली भोके तिथे वादकांना जाणूनबुजून वाजवावी लागतात, त्यामुळे त्यांचा श्वास रोखलेला जाणवतो.

रेकॉर्डी विकून टाकाव्यात असा विचार दोनदा आला, पण संच फोडला की त्याला कोणी घेणार नाही. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून सध्या त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह वरच्या फळीवर आहेत, आणि सीडी मात्र खाली, प्लेअरपाशी.