पानिपतची दोन ब्लँकेटं: शॉडी की मिंक?

थंडीत वाटायला ब्लँकेटं घ्यायची आहेत, पण शॉडी घ्यावं की मिंक, असा प्रश्न बऱ्याच मंडळांना पडतो. दोन्ही हरियाणातल्या पानिपतला बनतात.

शॉडी म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचं सूत. कामगार, त्यात बायकाच जास्त, कपडे रंगावारी निवडतात, बटणं-चेन काढतात. मग यंत्रात पिंजून पुन्हा सूत काततात. रंग आधीचाच असल्याने बरंचसं सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. मिंक नव्या पॉलिएस्टरचं असतं.

किंमत: शॉडी बरंच स्वस्त, म्हणून आपत्तीच्या मदतीत ते पूर्वीपासून बरंच वापरलं गेलं आहे.

ऊब: शॉडी जाड असेल तर चांगली ऊब देतं, पण अंगाला टोचतं. जुन्या कपड्यांत लोकरीसारखा कृत्रिम धागा, म्हणजे ॲक्रिलिकही मिसळलेलं असतं; लोकर किती नि ॲक्रिलिक किती, हे मालागणिक बदलतं. हातात घेऊन बघाच.

धुणं: इथे मिंक सरळ जिंकतं. शॉडीचा धागा आखूड, त्यामुळे तंतू सुटतात, वीण विरते.

शेकोटी: ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळतं, लोकर वितळत नाही. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

घरात, वसतिगृहात वर्षानुवर्षं वापरायला मिंक. शेकोटीजवळ रात्र काढणाऱ्यांना, किंवा कमी पैशांत जास्त लोकांना द्यायचं तर लोकर जास्त असलेलं जाड शॉडी.